घरगुती कारण

मुलीचं कॉलेज सोडायच्या अर्जावर बापाने कारण लिहिलं होतं, ‘घरगुती’. मुलगी मागे मान खाली घालून उभी होती. असे चार अर्ज कारकूनबाईंनी आजवर मुकाट्याने निकालात काढले होते. उचललेला शिक्का त्यांनी खाली ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, “बाळा, कुणी तुझ्यावर जबरदस्ती केली का?”

“वर्गातल्याच एकाने,” ती कशीबशी म्हणाली.

बाप उसळला. “बोभाटा नकोय आम्हाला. शिक्का मारा!”

“मारते की. पळून जातोय का शिक्का? आधी शेजारच्या खोलीत समुपदेशक मॅडमना भेटा. तक्रार कॉलेजच्या समितीकडे करता येते, पोलिसांकडे करता येते. काहीच करायचं नसलं तरी त्या आधार देतात. फक्त ठरवू द्या तिलाच.”

तासाभराने बाप एकटाच परत आला. डोळे लाल झाले होते. बाईंना वाटलं, संपलं. त्यांनी शिक्का हातात घेतला.

“तो राहू द्या, बाई,” बाप म्हणाला. “कोरे कागद असतील तर द्या. तिचे संपलेत, आणि अजून बरंच लिहायचंय म्हणते.”