पोळ्यातली मोकळी जागा

माझ्या थोरल्या नणंदेनं तिसऱ्यांदा मधपेटीतलं पोळं खरवडून काढलं. चौकटी बदलल्या, मेणाचे नवे पत्रे लावले, पेटी हलवली, तरी माश्या मधोमध जागा सोडून भोवतीनंच बांधत होत्या.

“या मेल्या माझा अंत बघतायत!” ती वैतागली.

“वन्सं, नीट बघा ना. ही मोकळी जागा म्हणजे पंजा आहे. पाच बोटं.”

“तुझं आपलं काहीतरीच!”

आठवड्यानं तिनं चौकट अर्धी वर उचलली. मोकळी जागा आता मनगट ओलांडून खाली गेली होती. तिच्यात एकही माशी शिरत नव्हती. बोटं मात्र चौकटीच्या वरच्या पट्टीवर मिटली होती.

चिडून नणंदेनं जोर लावला. चौकट तसूभरही हलली नाही.

मग चौकट हळूहळू खाली ओढली जाऊ लागली.