वटवट्या आढळला नाही

मदरबोर्डच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा लागलेला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, स्थिर. म्हणजे वीज आतपर्यंत पोचत होती. पंखाही फिरत होता. त्याची घरघर टेबलाखाली भरून राहिली होती. पडदा मात्र काळा तो काळाच.

मास्तर फरशीवर बसून कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात डोकावत होते. सुरू होताना काही अडलं की आतली एक छोटी चकती शिट्ट्या घालते. लांब की तोकडी, एक की तीन, यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं. शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या मास्तरांना हे पाठ होतं. त्यांनी बटण दाबलं आणि श्वास रोखून कान दिला.

घरघर. बाकी काही नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा घरघर.

शिट्टीसुद्धा नाही म्हणजे मदरबोर्डच गेला.

"अहो, बंद करा ना ते!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली. "डोकं उठलं माझं."

"पंखा आहे गं. फिरणारच तो," म्हणत मास्तरांनी वीज बंद केली.

दुपारपर्यंत अहवाल द्यायचा होता आणि तो या डब्यात अडकला होता.

तळ्याकाठच्या बोरूच्या उंच गवतात वटवट्या राहायचा. अंगठ्याएवढा मातकट पक्षी. दिसायचा क्वचित, पण पहाट झाली की त्याची बारीक, घाईची बडबड सुरू व्हायची. मास्तर वर्षानुवर्षं ती रेकॉर्ड करून ठेवत. आता नगरपालिकेला तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. बागखात्याच्या बाईंनी कसंबसं थोपवून धरलं होतं. वटवट्या अजून असेल तर बोरूला हात लावायचा नाही, नसेल तर कापायचा, असं ठरलं. आणि तो आहे की नाही हे मास्तरांनी सांगायचं. त्यांच्या शब्दावर दोन्ही बाजूंचा विश्वास होता.

दोन महिने त्यांनी पहाटे रेकॉर्डर लावला आणि हेडफोन घालून सगळं ऐकलं. वाऱ्याची सळसळ, बेडकांचं डरावणं, लांबचा एखादा ट्रक. वटवट्या नाही. मन घेत नव्हतं, पण खोटं कसं लिहायचं? शेवटी त्यांनी लिहून टाकलं: 'वटवट्या आढळला नाही.' त्यानंतर दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं.

त्यात हे मशीन. मध्यंतरी ताडून पाहायला म्हणून त्यांनी पाच वर्षांपूर्वीचं वटवट्याचं एक रेकॉर्डिंग लावलं होतं, तर त्यातही नुसती सळसळ. डिस्क म्हातारी झाली होती, एकेक फाइल गिळत चालली होती. आणि आज तर मशीनने डोळेच मिटले.

टेबलावरचा फोन थरथरला. बागखात्याच्या बाई होत्या. मास्तरांनी धुळीचे हात दाखवून फोन बायकोकडे दिला. त्या बाई तशाही अर्धे शब्द गिळून बोलत.

बायको बोलून आली. "अहवाल मिळाला नाही तर बैठक पुढे ढकलतील म्हणतात. मग राहू दे की बंद! तेवढाच बोरू जगेल."

"आणि मी काय सांगू? यंत्र बिघडलं म्हणून पक्षी आहे?"

"तुम्ही म्हणजे ना, अगदी पट्टीने रेघ मारल्यासारखे सरळ."

टेबलाला धरून, गुडघा चोळत मास्तर उठले. बायको बघत राहिली. "यंत्राची एवढी तपासणी. तुमची कधी? त्या डॉक्टरांची वेळ घेऊ का?"

"पुढच्या महिन्यात बघू."

"तुमचा पुढचा महिना दोन वर्षं चाललाय."

मास्तर हसले आणि ते बोलणं तिथेच सोडून पुन्हा खाली बसले. मदरबोर्ड गेला असेल तर करण्यासारखं काही नव्हतं. तरी हात स्वस्थ बसेनात. त्यांनी मेमरीची पट्टी उपसली, तिची सोनेरी कड खोडरबराने घासली, फुंकर मारली आणि ती परत खाचेत दाबली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसल्याचं अंगठ्यांना कळलं. लागतील तेवढ्याच वायरी त्यांनी जोडल्या. हेडफोन खुर्चीवरच राहिला.

बटण दाबलं. पडदा उजळला.

"जिवंत आहे!" मास्तर एखाद्या पोरासारखे ओरडले. छातीवरचा धोंडा उतरला. डिस्क शाबूत आहे का हे पाहायला त्यांनी अगदी अलीकडचं रेकॉर्डिंग लावलं. टेबलावरच्या स्पीकरमधून सळसळ आली, मग बेडूक. चला, एवढं तरी वाचलं. ते चालू ठेवूनच त्यांनी अहवाल उघडला, बाईंचा पत्ता घातला. पाठवायच्या बटणावर बोट थांबलं.

चहाचा कप घेऊन बायको दारात उभी होती. तिचा चेहरा उजळला होता.

"जुना का हो हा?"

"कालच्या पहाटेचा."

"मग सापडला की! आणि मला सांगितलंही नाहीत?"

"कोण सापडला?"

"कोण काय? केवढी वटवट चाललीय त्याची!"

मास्तरांनी स्पीकरकडे पाहिलं. सळसळ. बेडूक. "आत्ता?"

"आत्ता. श्वाससुद्धा घेत नाहीये मेला."

मास्तरांनी वाकून टेबलाखालच्या डब्याकडे पाहिलं. "मघाशी बंद करा म्हणालीस, ते पंख्याला ना?"

"पंख्याला कशाला? शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होतं ते."

मास्तर खुर्चीत टेकले. पाठीखाली आलेला हेडफोन त्यांनी काढून बाजूला ठेवला. मग पुढे वाकून अहवालातल्या त्या वाक्यातला शेवटचा शब्द खोडला आणि अहवाल पाठवून दिला. त्यांना हसू येत होतं, डोळेही भरत होते.

"अगं," ते म्हणाले, "त्या कानाच्या डॉक्टरांना फोन लाव. उद्याचीच वेळ घे."