माहिती देणाऱ्याचे नाव

डॉ. वैभवीने फॉर्मांचा गठ्ठा हर्षितसमोर असा आपटला की चहाचा कप कलंडला.

"बाईचं वय बेचाळीस. छातीत दुखणं, नाही. धाप, नाही. पाठ, जबडा, काही काही नाही. आणि माहिती देणाऱ्याचं नाव? नवरा! पुढचा घे. नवरा. त्याच्या पुढचा, सासरा! अरे, सुनेच्या छातीत काय होतं ते सासऱ्याला विचारून आलास?"

हर्षित धार जिल्ह्यात घरोघर फिरून फॉर्म भरायचा. मान खाली घालून तो म्हणाला, "मॅडम, मी काय करू? घरचे पुरुष, भिया लोक, ओट्यावरच बसवतात. म्हणतात, 'उससे क्या पूछना, उसको कुछ नहीं होता.' बाई चहा ठेवते नि आत निघून जाते."

"मग तिला बाहेर बोलवायचं! नाही आली तर गावातल्या आरोग्यसेविकेला, आशाताईला सोबत न्यायचं!"

वैभवीचं डोकं फिरलं होतं आणि फिरायला कारणही तसंच होतं. सात वर्षं ती घसा कोरडा करून एकच गोष्ट सांगत होती. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा नुसता थकवा, धाप, पाठदुखी होऊन येतो, आणि घरचे ॲसिडिटी म्हणून सोडा पाजून मोकळे होतात. परिषदांमध्ये मोठमोठे डॉक्टर यावर हसले होते. धारच्या तीनशे घरांच्या आकड्यांनी त्यांची तोंडं बंद व्हायची होती. झालं भलतंच. शंभरात दोघींनाच त्रास! धार जिल्ह्यातल्याच राजगढची एक बाई तर 'काही त्रास नाही' असा फॉर्म भरल्यावर तीन आठवड्यांत गेली.

संचालक विश्वासराव आवाज ऐकून दारात आले. "वैभवीताई, अहवाल परवा जायचाय. थोडं इकडंतिकडं व्हायचंच. आता हे सर्वेक्षण रद्द केलंत तर तुमचा प्रकल्पच बंद पडेल."

"पडू दे! जित्याजागत्या बाईला न विचारता तिचं दुखणं लिहिणाऱ्यांत मला माझं नाव नको. हर्षित, ज्या फॉर्मवर माहिती देणारी ती बाई स्वतः नाही, तो बाजूला काढ. एकही ठेवायचा नाही."

विश्वासराव खांदे उडवून निघून गेले. हर्षित निमूटपणे कागद वेगळे करत बसला. बाजूचा ढीग वाढत गेला. गठ्ठ्याच्या अगदी तळाचा कागद हातात आला तेव्हा तो थबकला.

"मॅडम... हा पण?"

फॉर्म क्रमांक एक. नव्या सर्वेक्षणाचा श्रीगणेशा घरच्या माणसापासून करायचा, ही वैभवीचीच रीत. भवानीबाई, वय एकाहत्तर, धार. धाप, नाही. थकवा, नाही. शेरा: रोज तेवीस पायऱ्या चढून माडीवरच्या देवघरात पूजा करतात. माहिती देणाऱ्याचं नाव: मुलगी.

अक्षर तिचंच होतं. गेल्या श्रावणात इथे देवासला, याच टेबलावर, दोन मिनिटांत भरलेला फॉर्म. आईला काय विचारायचं? आईचं तर तिला सगळं ठाऊक होतं.

वैभवीचे कान तापले. इतका वेळ ज्यांच्यावर ती तोंडसुख घेत होती, त्यांच्या रांगेत तीच पहिली उभी होती. आणि वर्षभरात धारला ती अकरा वेळा जाऊन आली होती, दर वेळी लोकांच्या घरी. तिने फोन लावला.

"आईसाहेब, एक खरं सांगा. पूजेला माडीवर जाताना धाप लागते का तुम्हाला?"



"माडीवर?" भवानीबाई म्हणाल्या. "देव तर मी गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्यालाच खाली आणले, वैभवी. मला चढवतच नव्हतं."