वीसच्या वर नको

पर्यटकांना दाभोसा धबधब्याला फिरवणाऱ्या चारचाकी बाईकला दिपेशने मोठे टायर बसवले, तेव्हापासून स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमीच वेग सांगायचा. गरोदर बायको माहेरी निघाली, नर्सबाईंनी बजावलं, "वीसच्या वर नको." दिपेशने जीपवाल्या पुंजाकाकांना गाठलं. "काका, तुमच्या काट्याशी माझा ताडून बघू?" "माझा तं कधीच मेला. पॅसेंजरवरून ओळखतो. गप्पा चालल्या की तीस, देव आठवले की साठ." "आणि वीस?" "तेवढ्या हळू कोण जातं?" सकाळी बायकोला मागे बसवून दिपेश धुक्यात शिरला. गाडी पळतेय की तरंगतेय, कळेना. बायको बोलत होती, मग गुणगुणली, मग गप्प झाली. "जोरात जातोय का गं?" तिचं डोकं त्याच्या पाठीवर विसावलं. तेवढ्यात पोटातल्या बाळाने त्याच्या कमरेत लाथ मारली. "बरं, बरं," म्हणत दिपेशने वेग कमी केला. मागून येणारी बैलगाडी अलगद त्यांच्या पुढे गेली.