ओरिजिनल डायलॉग

"मराठीत बोल रे लुंगी!" पक्षाच्या पिंट्यादादानं इडलीच्या गाडीवर लाथ घातली, तशी चटणी अप्पांच्या पायावर सांडली. अप्पांना येत होतं तेवढंही मराठी भीतीनं आठवेना. त्यांचा पोरगा सेल्वा इथंच जन्मलेला. त्याची मूठ वळली, पण दादाच्या पोरांच्या हातातले दांडके बघून ती त्यानं खिशात घातली.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. रिंगटोन साउथच्या पिक्चरची! म्हणजे यांना पिक्चर चालतो, माणूस नाही.

"दादा, त्या हिरोचा डायलॉग मारू? ओरिजिनल, तमिळमधला?"

"मार की!"

कॉलर वर करून सेल्वा हिरोसारखा गरजला, "अप्पा, वीट्टुक्कु पोंग!" अप्पा, घरी जा.

शिट्ट्यांवर शिट्ट्या. "वन्स मोर!"

सेल्वानं पुन्हा सांगितलं, या खेपेला रडवेल्या आवाजात. अप्पा मात्र पोराला सोडून जागचे हलेनात.