मुलामा

मस्यू लॉर्मेलने सोन्याचा मुलामा दिलेलं पितळी पान खिडकीपाशी धरून उलटसुलट पाहिलं. "आन्सेल्म, इतकं साफ काम तुझ्या हातून कधी झालं नव्हतं."

आन्सेल्मने खुर्चीतूनच मान डोलावली. ती हल्ली आपोआपच डोलायची. ईस्टरपासून तो वरच्या खोलीत पडून असे; हातात सूपचा वाडगाही धरवत नव्हता. खालचं काम रूआं शहराचा एक गडी बघतो, मागल्या दाराने येतो-जातो, असं बायकोने, पेरीनने, सांगितलं होतं. आज शेठ आले म्हणून तो जिना उतरला होता.

"लाख दिलेला जपानी लाकडी पडदा कापून कपाटाला बसवलाय," लॉर्मेल म्हणाला. बड्या लोकांचे दिवाणखाने सजवण्यात पॅरिसमध्ये त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलाम्याच्या भट्टीपाशी मात्र तो कधी फिरकला नव्हता. "काळ्या लाखेवर हेच सोनं हवं. सोळा मुठी, चार कोपरे, नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणाआधी. नाही जमलं तर ही जागा दुसऱ्याला द्यावी लागेल मला."

"जमेल. गडी चांगला आहे."

"गडी!" लॉर्मेल हसला. भट्टीच्या खोलीतून पेरीन बाहेर येऊन उभी होती. "काय पेरीनबाई, आज मिठाची गुळणी धरलीय वाटतं? एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही तुमचा."

ती ओठ मिटूनच हसली.

"ह्या हाताला जप हो," हातमोजे चढवत तो आन्सेल्मला म्हणाला. "असा हात चार वर्षं टिकतो. तुझा सहा टिकला."

दार लागलं. आन्सेल्म बायकोच्या डाव्या गालाकडे बघत राहिला. सोनं पाऱ्यात कालवून पितळेला फासायचं आणि विस्तवावर पारा उडवून द्यायचा, असा हा धंदा. उडालेला पारा माणसात शिरतो. म्हणून मुलामेवाले तोंडात सोन्याचं नाणं धरतात. घशाआधी त्याने पारा ओढून घ्यावा एवढीच आशा. स्वतःचं नाणं त्याने ईस्टरला तापवून पुन्हा पिवळं केलं होतं आणि फळीवर ठेवलं होतं. फळी रिकामी होती.

त्याने थरथरता तळवा तिच्या हनुवटीखाली धरला. "काढ."

तिने काढलं. नाणं पारा पिऊन चुन्यासारखं पांढरं झालं होतं. त्याच्या तळव्यावर ते नाचायला लागलं आणि त्याला रडूच कोसळलं. "बंद कर हे. रस्त्यावर राहू आपण, पण बंद कर, पेरीन."

"आणि रस्त्यावर तुमच्या वाडग्यात सूप कुठून येणार? माझे हात अजून धड आहेत." तिने हात पुढे केला. "द्या इकडे. पानं विस्तवावर आहेत."

नाणं उचलताना तिची बोटं एकदा हुकली, मग सापडलं. ते गालात सारून ती भट्टीकडे गेली.

हात आपलाच हलला असणार, आन्सेल्मने स्वतःला बजावलं.