कोरडी

"यंदाही कोरडीच?" आईनं कपाळाला हात लावला.

त्यांच्या स्लोव्हाक खेड्यात ईस्टरच्या सोमवारी मुलगे पाण्याच्या बादल्या घेऊन मुलींमागे धावत. भिजेल ती वर्षभर ठणठणीत. कोरडी राहील ती कुणालाच नकोशी, असं गाव मानायचं. ओतिलिया मात्र दर वर्षी साऱ्यांना दमवून कोरडी घरी यायची.

"जरा हळू पळायला काय जातं तुझं?"

"पाय ऐकत नाहीत, आई."

त्या उन्हाळ्यात शहरात पहिल्यांदाच बायकांची शर्यत भरली. आई नाइलाजानं सोबत गेली आणि बाकावर अंग चोरून बसली. शेजारचा म्हातारा कुरकुरला, "उघड्या गुडघ्यांची ही पोरगी कुणाची?" आईनं मान खाली घातली. लोक ओरडत उभे राहिले, तेव्हा कुठे तिनं वर पाहिलं. ओतिलिया फीत तोडून थांबली होती. बाकीच्या अजून धावतच होत्या.

आई मैदानात उतरली. लेकीच्या केसांतून घाम निथळत होता. पुसायला तिनं डोक्याचा रुमाल सोडला, पण पुसलं नाही. लेकीला तशीच हाताला धरून बाकापाशी घेऊन आली.

"माझी आहे," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "बघा, कशी चिंब भिजलीय."